बर्फ बाहेर, क्लब घरात: हिवाळी गोल्फबद्दलचे काही गैरसमज

शिकागोच्या उपनगरांत नोव्हेंबर सरता सरता गोल्फ कोर्सवरचे झेंडे उतरवले जातात आणि हीटर लावलेल्या रेंज, हवा भरलेले डोम, सिम्युलेटरच्या खोल्या भरू लागतात. या गर्दीत मराठीही कानावर पडतं. चाळिशीत गोल्फचा नाद लागलेली ही मंडळी पुण्या-मुंबईकडून आलेली असली, तर त्यांना सगळंच उलटं वाटतं. तिकडे हिवाळा हाच खेळायचा काळ, खेळ मंदावतो तो पावसाळ्यात. भारतात बर्फाखाली जाणारा कोर्स बघायचा तर गुलमर्गसारख्या ठिकाणी जावं लागतं. इथे मात्र वर्षातले चार-पाच महिने घरात बसून काढायचे असतात, आणि त्या महिन्यांत काय करावं याबद्दल प्रत्येकाकडे ऐकीव सल्ल्यांचं गाठोडं असतं.

माझं मत आधीच सांगतो. हिवाळ्यात हाताशी असलेलं प्रत्येक साधन एका बाबतीत खरं बोलतं आणि दुसऱ्या बाबतीत थाप मारतं. मॅट, कार्पेट, सिम्युलेटर, सगळ्यांची हीच गत. कोणाचं कुठवर ऐकायचं हे कळलं नाही, तर माणूस जानेवारीत खूश असतो आणि एप्रिलमध्ये चक्रावतो.

“रेंजवर रोज शंभर बॉल मारले की झालं.”

यात दोन वेगवेगळे घोटाळे आहेत.

पहिला घोटाळा मॅटचा. आयर्नचा चांगला फटका आधी बॉलला लागतो आणि मग जमिनीला. स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या पुढे पडतो. म्हणून जाणकार खेळाडूचा डिव्हट, म्हणजे उखडलेल्या गवताचा तुकडा, बॉल होता त्या जागेच्या पुढे निघतो. क्लब बॉलच्या इंचभर मागे जमिनीत गेला, तर खऱ्या गवतात तो रुततो आणि बॉल निम्म्या वाटेत बसकण मारतो. मॅटवर तसं होत नाही. क्लबचा तळ कडक पृष्ठभागावरून घसरत पुढे जातो आणि बॉल जवळपास नीट उडतो. फटका चुकलेला असतो, पण आवाज छान येतो आणि उंचीही छान मिळते. महिनोन् महिने अशी चुकीला शाबासकी मिळत राहिली की चूक पक्की होते. शिवाय त्या कडक तळाचा दणका मनगटाला आणि कोपराला बसतो तो वेगळाच.

यावर उपाय फुकटचा आहे. हात पुसायचा छोटा नॅपकिन घडी करून बॉलच्या मागे चार बोटं अंतरावर ठेवा. क्लब नॅपकिनला लागला तर फटका फॅट, म्हणजे बॉलच्या आधी जमिनीला लागलेला, मग बॉल कितीही छान उडालेला असो. दुसरी युक्ती क्लबच्या तोंडासाठी: पायाला मारायचा कोरडा पावडर-स्प्रे तोंडावर हलकेच मारायचा. प्रत्येक फटक्यानंतर पांढऱ्या थरावर बॉलचा गोल ठसा उमटतो. ड्रायव्हरवर हे एकदा करून पाहावंच. ठसा मधोमध आहे असं ज्याला छातीठोकपणे वाटत असतं, त्याचे ठसे बऱ्याचदा टाचेकडे गोळा झालेले दिसतात. टाचेकडे लागलेला बॉल उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे वळू पाहतो, टोकाकडे लागलेला डावीकडे. अनेकांचा ‘स्विंगचा दोष’ खरं म्हणजे बॉल तोंडावर कुठे लागतो याचा दोष असतो, आणि तो तपासायला हिवाळ्याइतका निवांत काळ नाही.

दुसरा घोटाळा शंभर बॉल मारण्याच्या पद्धतीचा. बहुतेक जण सात नंबरचं आयर्न काढतात आणि एकाच खुणेकडे चाळीस बॉल हाणतात. विसाव्या बॉलपासून फटके जमू लागतात, माणूस सुखावतो. 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक साधा प्रयोग केला होता. लाकडाचे छोटे अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम. एका गटाने एक क्रम घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ करून केले. सरावाच्या वेळी घोटणारा गट पुढे होता. नंतर चाचणी घेतली तेव्हा सरमिसळ करणारा गट पुढे गेला. पुढे वेगवेगळ्या कौशल्यांवर असे बरेच अभ्यास झाले. सगळीकडे परिणाम इतका ठळक नाही, पण दिशा साधारण तीच आहे. गोल्फला तर हे चपखल लागू पडतं, कारण कोर्सवर एकच फटका लागोपाठ दोनदा मारायची वेळ क्वचितच येते. तेव्हा ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज. दर वेळी नवी खूण, दर वेळी मागे येऊन पुन्हा उभं राहायचं. बॉल कमी लागतील, फटके जास्त चुकतील, आणि शेजारी मारणाऱ्याला तुमची थोडी दया येईल. येऊ दे.

“सिम्युलेटरवर माझा ड्रायव्हर 240 जातो.”

जातही असेल, पण कुठल्या हवेत? चांगल्या लॉन्च मॉनिटरचे क्लबचा वेग, बॉलचा वेग आणि उडण्याचा कोन यांचे आकडे बऱ्यापैकी विश्वासाचे असतात. पण बॉल तर काही यार्डांवर पडद्याला आपटतो. पुढचं सगळं उड्डाण हा हिशेब असतो, आणि तो सहसा उबदार दिवस, शांत वारा, सपाट जमीन धरून केलेला असतो. थंड हवा दाट असते: 30 अंश सेल्सिअसच्या मानाने 0 अंशाची हवा साधारण दहा टक्क्यांहून थोडी अधिक जड. दाट हवेत बॉलला जास्त अडथळा होतो. थंडीत बॉलच्या रबरी गाभ्याची उसळीही कमी होते. तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं की ड्रायव्हरचे साधारण दोन यार्ड जातात, असा ठोकताळा आहे. त्यात एप्रिलची ओली जमीन, जिच्यावर बॉल पडतो तिथेच बसतो, आणि अंगावर तीन थर कपडे. फेब्रुवारीतले 240 एप्रिलमध्ये 220 दिसले, तर स्विंग बिघडला असं समजून घाबरू नका.

मग बॉल गरम करून मारावा का? खिशात हँड वॉर्मर ठेवून बॉल शेकणारे महाभाग आहेत. नियम 4.2 प्रमाणे बॉल तापवून किंवा इतर कुठल्या प्रकारे त्याची वागणूक मुद्दाम बदलायची आणि तो खेळायचा, याला दंड एखाद्या फटक्याचा नाही, थेट बाद होण्याचा आहे.

सिम्युलेटरवरचं पटिंग मात्र मी करमणुकीत धरतो. पायाखाली उतार नसताना पडद्यावरचा उतार वाचून काही शिकता येतं, यावर माझा विश्वास नाही.

“शेवटी पटिंगच सामना जिंकून देतं, म्हणून हिवाळाभर पटिंगच करा.”

हा गैरसमज सर्वांत प्रतिष्ठित आहे, कारण तो अर्धा खरा वाटतो. एका राउंडमधले चाळीस टक्क्यांच्या आसपास फटके पटरने मारले जातात. पण फटके कुठे मोजले जातात आणि फरक कुठे पडतो, या दोन गोष्टी वेगळ्या. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांच्या नोंदींवरून प्रत्येक फटक्याचं मोल काढलं. त्यांच्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धतीवरचं पटिंगचं मोजमाप टूरने 2011 साली स्वीकारलं. त्यांच्या हिशेबात अव्वल खेळाडू इतरांपेक्षा सरस ठरतात त्यातला सुमारे 40 टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या फटक्यांचा, 28 टक्के ड्रायव्हिंगचा, 17 टक्के ग्रीनजवळच्या खेळाचा, आणि पटिंगचा फक्त 15 टक्के. नव्वद-शंभर करणारा आणि ऐंशी करणारा यांच्यातली दरीही मुख्यतः ग्रीनपर्यंत पोहोचण्यातच असते. टीव्हीवर आपण रविवारी जिंकणाऱ्याचे पट आत जाताना बघतो. त्या आठवड्यात त्याचे पट पडले म्हणूनच तो टीव्हीवर दिसत असतो. एरवी टूरवरचे खेळाडूही आठ फुटांवरून निम्मेच पट टाकतात.

तरीही कार्पेटवरच्या पटिंगला मी मोडीत काढत नाही, कारण ते एका बाबतीत अगदी प्रामाणिक आहे: बॉल कुठल्या दिशेला सुटला. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंचांहून जरा जास्त. दहा फुटांवर एक अंशाची चूक बॉलला 2.1 इंच बाजूला नेते. म्हणजे एका अंशात बॉल मध्यावरून कडेवर! तेव्हा मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी जमिनीवर टाका, बॉल एका टोकाला ठेवा आणि तो पट्टीवरून न घसरता दुसऱ्या टोकाला जाईल असा ढकला. पहिल्या दिवशी बहुतेकांचा बॉल निम्म्यातच खाली उतरतो. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं हे केलं तर पुरे, घरचेही कुरकुरत नाहीत.

कार्पेट थाप मारतं ती वेगाबद्दल. ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात. ही साधारण तीन फुटांची खाच असलेली पट्टी. तिच्यावरून सोडलेला बॉल जितके फूट धावेल तो वेग. एडवर्ड स्टिंपसन यांनी 1935 साली ओकमाँटची यूएस ओपन पाहून ती बनवली. टूरच्या ग्रीन 11 च्या वर असतात, गावातल्या सार्वजनिक कोर्सच्या त्याहून बऱ्याच हळू, आणि वसंतात ओलसर असताना आणखी हळू. लांबचा पट किती जोरात मारायचा, हे दिवाणखान्यात शिकता येत नाही. तीन-तीन पट लागतात ते बहुतांशी याच अंदाजात, आणि तो अंदाज बर्फ वितळल्यावर बाहेर जाऊनच बसवावा लागतो.

“एका हिवाळ्यात नवा स्विंग बसवून टाकू.”

टायगर वूड्सने 1997 ची मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकली आणि त्यानंतर बुच हार्मन यांच्याबरोबर स्विंग खोलून पुन्हा बांधायला घेतला. 1998 साली पीजीए टूरवर त्याच्या नावावर एकच विजय होता. फळं दिसली ती 1999 आणि 2000 मध्ये. निक फाल्डोने डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे हेच केलं आणि मुइरफील्डला ओपन जिंकेपर्यंत 1987 उजाडलं, म्हणजे सुमारे दोन वर्षं. यांचा पूर्णवेळचा धंदाच हा. आपण शनिवारी सकाळी दोन तास काढणारे, त्यामुळे एका हिवाळ्यात एकच गोष्ट. ग्रिप, उभं राहणं किंवा बॉलची जागा. ग्रिप बदलली तर पहिले काही आठवडे हातात क्लब परका वाटणार, आणि स्कोअरची टांगती तलवार नसताना ते सोसायला हाच काळ बरा.

“वजनं उचलली की अंग आखडतं” असं म्हणणारे अजूनही भेटतात. गॅरी प्लेयर वजनं उचलत असे तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं गेलं. त्याने नऊ मेजर जिंकल्या. नेमाने आणि पूर्ण कक्षेत केलेल्या व्यायामाने लवचीकता जात नाही. हौशी गोल्फरची सर्वांत जास्त दुखते ती कंबर, कारण नितंब आणि पाठीचा वरचा भाग वळत नाही आणि सगळा पीळ कंबर सोसते. ते दोन भाग मोकळे करणं आणि पायांत ताकद आणणं, हे काम गवताशिवाय होतं. शिकागोत मात्र कंबर धरायला गोल्फची गरज नाही, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणं पुरतं.

क्लब गॅरेजमध्ये थंडीने खराब होतात, ही भीतीही उगाच. ओले ठेवले तर गंज चढतो. गोठणबिंदूखालच्या थंडीने शाफ्ट मोडत नाही. क्लबचं डोकं चिकटवणाऱ्या गोंदाला धोका जुलैत उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत जास्त. ग्रिप कोमट साबणपाण्याने धुवा. तरी गुळगुळीतच लागल्या, तर बदलून घ्या.

फेब्रुवारीत एखादा लख्ख दिवस उगवतो, कोर्स उघडतो आणि सकाळी सातला गेलेल्यांना थांबवून ठेवलं जातं. मग चिडचिड, की गवतच तर आहे. हिमकण चढलेल्या पात्याच्या आत पाणी गोठलेलं असतं. त्यावर पाय पडला की पेशी फुटतात. तेव्हा काही दिसत नाही, पण पुढे दोन-तीन दिवसांत ग्रीनवर तपकिरी पावलं उमटतात आणि बरेच दिवस जात नाहीत.

अशा दिवशी काढलेल्या स्कोअरचं काय? हँडिकॅप शेवटच्या वीस राउंडांपैकी उत्तम आठांवर बांधलेला असतो, आणि उत्तरेकडच्या राज्यांत साधारण नोव्हेंबर ते मार्च हा निष्क्रिय हंगाम असतो. त्या काळात तिथे खेळलेलं नोंदवता येत नाही. सिम्युलेटरवरचा राउंड तर कधीच नाही. पण त्याच काळात फ्लोरिडात सुटी घालवताना खेळलात, तर तो स्कोअर नोंदवावाच लागतो, कारण हंगाम तुम्ही राहता तिथला नव्हे, खेळता तिथला धरतात. आणि जिथे हंगाम 1 एप्रिलला उघडतो, तिथे 31 मार्चला काढलेले 84 वाया जातात आणि दुसऱ्या दिवशीचे 98 इमानेइतबारे नोंदवावे लागतात.