बंद पडल्यावर खुलं झालेलं मल्टिक्स

३० ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथं संरक्षण खात्याचा एक मेनफ्रेम संगणक कायमचा बंद करण्यात आला. ‘मल्टिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा तो जगातला शेवटचा संगणक. पुढं सात वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, मल्टिक्सचा सोर्स कोड एमआयटीनं आपल्या संकेतस्थळावर ठेवला. वापरा, बदला, वाटा. परवानगीही नको आणि पैसेही नकोत.

मेलेल्या यंत्रणेचा कोड वाचून करायचं काय? माझ्या मते, पुष्कळ काही.

१९६०च्या दशकात प्रोग्रॅम चालवायचा म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि तासन्‌तास वाट बघायची. एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देता येतो हे १९६१ मध्येच दाखवलं होतं. मल्टिक्स हे त्याच्या पुढचं स्वप्न: वीज घरोघर पोचते तशी संगणकसेवा पोचावी, आणि तीही चोवीस तास. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक हे तिघे त्यासाठी एकत्र आले. फोल्डरच्या पोटात फोल्डर, कोणती फाइल कोणी उघडावी याची यादी, गरज पडेल तेव्हाच जोडले जाणारे प्रोग्रॅम या आज गृहीत धरलेल्या गोष्टी तिथं आकाराला आल्या. काम लांबत गेलं, म्हणून १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी मग आटोपशीर ‘युनिक्स’ रचलं. ते जगभर पसरलं, आणि मल्टिक्स जेमतेम ऐंशीएक ठिकाणी चाललं.

पण युनिक्सनं आटोपशीर होताना काय सोडून दिलं, हे मल्टिक्सचा कोड वाचल्यावर उमगतं. मल्टिक्सचा बहुतेक भाग पीएल/वन भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत मजकूर साठवायच्या जागेची कमाल लांबी आधीच ठरवावी लागते. युनिक्स ज्या सी भाषेत लिहिलं गेलं, तिच्यात ती काळजी प्रोग्रॅमरनं घ्यायची असते, आणि ती घ्यायची राहिली की जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेवर सांडतो. या एका चुकीतून आजवर किती घुसखोऱ्या झाल्या, याला गणती नाही. मल्टिक्समध्ये स्टॅकही, म्हणजे चालू कामाची तात्पुरती नोंद ठेवणारी जागाही, चढत्या पत्त्यांकडं वाढतो, त्यामुळं मजकूर सांडलाच तरी काम संपल्यावर कुठं परतायचं तो पत्ता सहसा पुसला जात नाही.

तरीही मल्टिक्स अभेद्य नव्हतं. अमेरिकी हवाई दलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी त्यात शिरून दाखवलं. चोरवाट थेट कंपायलरमध्येच, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, लपवता येईल, हा इशारा त्यांनी १९७४च्या अहवालात दिला. दहा वर्षांनी थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच कल्पना जगापुढं मांडली आणि श्रेय हवाई दलाच्या एका दस्तऐवजाला दिलं. आता मूळ कोडच समोर असल्यानं हे सगळं कोणालाही स्वतः पडताळता येतं.

असा कोड नाहीसा होण्यात जुन्या चुंबकीय टेपइतकाच मालकीचा गुंताही कारणीभूत ठरतो. जनरल इलेक्ट्रिकनं १९७० मध्ये संगणकाचा धंदा हनीवेलला विकला, आणि तिथून हक्क फ्रान्सच्या बुल कंपनीकडं गेले. मल्टिक्सचा विकास १९८५ मध्येच थांबला होता. बुलनं परवानगी दिली नसती तर जपलेल्या टेप असूनही त्यांचा उपयोग नव्हता. कोड देताना बुलनं या निर्मितीत वाटा असलेल्या सर्व संस्थांची नावं नोंदवली, याचं मला विशेष वाटतं.

एक अडचण उरलीच होती. हा कोड ३६ बिटांच्या खास यंत्रासाठी लिहिलेला, आणि चालतं यंत्र तर एकही शिल्लक नव्हतं. काही स्वयंसेवकांनी त्या यंत्राचं हुबेहूब वागणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सिम्युलेटर, लिहायला घेतलं. २०१४ मध्ये त्यावर मल्टिक्स पुन्हा सुरू झालं.

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला विद्यार्थ्यांना यातली एक तरी फाइल वाचायला द्या. कोड आणि सिम्युलेटर दोन्ही मोफत मिळतात, आणि ते चालवायला साधा लॅपटॉप पुरतो.