कणगीतील धान्याची निगा

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा या सातपुड्यातील तालुक्यांत ज्वारी व मका ही घरोघरची पिके. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत हे धान्य साठविले जाते. नवे पीक येईपर्यंत कुटुंबाची भिस्त तिच्यावरच असते. दाण्याला कीड लागल्यास ऐन पावसाळ्यात धान्य विकत घेण्याची पाळी येते.

किडीला व बुरशीला ओलावा पोषक ठरतो. साठवणीच्या दाण्यात तो सुमारे १२ टक्क्यांहून अधिक नसावा. त्याची ढोबळ पारख घरीच होते. कोरड्या बाटलीत मूठभर धान्य व थोडे कोरडे मीठ घालून ती हलवावी आणि पाव तास ठेवावी. मीठ काचेला चिकटल्यास ओलावा १५ टक्क्यांहून अधिक समजावा व धान्य पुन्हा वाळवावे. न चिकटल्यासही आणखी एक-दोन उन्हे द्यावीत व दाणे थंड झाल्यावरच भरावेत. कणगी भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावी. भेगा लिंपाव्यात. जुन्या धान्यात नवे मिसळू नये.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक असतो.

बाटलीची ही चाचणी शाळेत व ग्रामसभेत प्रत्यक्ष करून दाखविल्यास ती घरोघरी सहज पोहोचेल.