कराची-मुंबई : ८७५ किलोमीटरचा हिशेब

कराची आणि मुंबई ही अरबी समुद्रावरची दोन बंदरे. दोन्ही विमानतळांमध्ये पृथ्वीगोलावर दोरी ताणली, तर ती साधारण ८७५ किलोमीटर भरते. मुंबईहून दिल्लीसुद्धा यापेक्षा दूर आहे. जेट विमान उंची गाठल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरूनही हा प्रवास पावणेदोन तासांत आटोपायला हवा.

पण या दोन शहरांमध्ये आज थेट विमान नाही. जाणाऱ्याला बहुधा दुबई गाठावी लागते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-कराची सुमारे १,१९०. म्हणजे एकूण ३,१२०. सरळ अंतराच्या साडेतीन पट! हवेत पाच तास आणि दुबईतला दोन-तीन तासांचा थांबा मिळून सात-आठ तास सहज जातात.

आता ९० वर्षांहून जुना एक प्रवास पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून निघाले. इम्पिरियल एअरवेजने लंडनहून कराचीला आणलेली टपाल मुंबईला पोचवायची होती. वाटेत अहमदाबादला इंधन भरले. पेट्रोलचे डबे तिथे बैलगाडीतून आले होते. दुपारी विमान जुहूला उतरले. अहमदाबादमार्गे हे अंतर होते सुमारे १,०३५ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी १६०च्या आसपास धरला, तर उड्डाणाचे साडेसहा तास होतात. थांबा मिळवला की सात.

म्हणजे वेग पाचपट वाढला आणि प्रवासाचा वेळ जिथे होता तिथेच राहिला, किंबहुना थोडा वाढलाच. याचे उत्तर नकाशावरच्या रेषांत आहे. टाटा उडाले तेव्हा सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ला. कराचीतली जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, ती याच जुन्या नात्यामुळे. पुढे फाळणी झाली आणि कराची सोडून आलेली हजारो सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या छावण्यांत राहिली. त्या छावण्यांचेच उल्हासनगर झाले.

१९४४च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण हक्क मान्य केला. नियमित प्रवासी विमानसेवेला त्या देशाची परवानगी लागते. संबंध बिघडले की ही परवानगी आधी जाते. जानेवारी २००२ ते जानेवारी २००४ या काळात भारत-पाकिस्तान विमानसेवा बंद होती. एप्रिल २०२५मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाश पुन्हा बंद केले. त्याचा फटका उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांनाही बसला. वळसा वाढला, इंधन वाढले.

म्हणून कोणत्याही दोन शहरांमधले ‘अंतर’ विचारताना तीन आकडे वेगळे मागावेत : सरळ रेषेचे अंतर, विमान प्रत्यक्ष कापते ते अंतर, आणि माणसाला पोचायला लागणारा वेळ. पहिला आकडा भूगोल ठरवतो आणि तो बदलत नाही. उरलेले दोन बऱ्याच अंशी सरकारे ठरवतात. कराचीत जन्मलेल्या आणि उल्हासनगरात म्हातारे झालेल्या माणसाला त्या पहिल्या आकड्याचा काही उपयोग नाही.