कच्च्या छायाचित्रांचें पक्कें रूप



जो विषय सर्वस्वीं डोळ्यांचा, त्याविषयीं नभोवाणीवरून बोलणें म्हणजे शब्दांनीं रांगोळी काढण्यासारखें आहे. तथापि हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत उपस्थित होतो. मुलगा किंवा भाचा चांगला कॅमेरा घेतो, उत्साहानें ‘रॉ’ पद्धतीनें लग्नमुंजीचीं चित्रें टिपतो, आणि तीं आप्तांना पाठविलीं म्हणजे कोणाकडेच धड उघडत नाहींत. निकॉनच्या फाइलीपुढें एनईएफ, कॅननच्या फाइलीपुढें सीआर३, सोनीच्या फाइलीपुढें एआरडब्ल्यू अशीं अक्षरें असतात. मग ‘यांचें जेपीईजींत रूपांतर करणारें उत्तम सॉफ्टवेअर कोणतें?’ अशी पृच्छा सुरू होते. एका नांवानें याचें उत्तर देतां येत नाहीं; कारण ‘रूपांतर’ हा शब्दच येथें थोडा फसवा आहे. मणाचे शेर करावे, तसें हें केवळ मापांतर नव्हे.

कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पटलावर कोट्यवधि सूक्ष्म घरें असतात. प्रकाश किती पडला एवढेंच प्रत्येक घर मोजतें. रंग त्याला कळत नाहीं. म्हणून प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी अगर निळी अशी एकेक गाळणी बसविलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या योजनेप्रमाणें असते. तिचें पेटंट १९७६ सालचें आहे. तींत निम्मीं घरें हिरवीं, पाव तांबडीं आणि पाव निळीं. म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच रंग खरोखर मोजलेला. उरलेले दोन शेजारच्या घरांवरून अंदाजानें भरावयाचे. पांढरें कशाला म्हणावें, सावली किती गडद ठेवावी, हेंही रॉ फाइलींत ठरलेलें नसतें. जेपीईजी मागितलें, तर कॅमेरा हे सारे निर्णय क्षणार्धांत घेतो आणि उरलेली सामग्री टाकून देतो. तें वाढलेलें ताट होय. रॉ हा शिधा आहे. शिधा स्वीकारला कीं स्वयंपाकी शोधणें आलें, आणि त्याच डाळतांदळाचा स्वाद दोन हातांचा दोन प्रकारचा होणार.

चौदा बिटांच्या रॉ फाइलींत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मांडतां येतात; जेपीईजींत प्रत्येक रंगाला २५६. यावरून चित्र चौसष्टपट सरस होतें असा हिशेब मात्र कोणीं करूं नये. जेपीईजींतील पायऱ्या डोळ्याच्या सोयीनें बेतलेल्या असतात. खरा लाभ दुरुस्तीच्या वेळीं कळतो. हळदीच्या प्रसंगीं मांडवांत पिवळे दिवे, दारांतून येणारा पांढरा उजेड, आणि वधूच्या मुखावर छाया. रॉ असेल तर तो चेहरा सुखरूप बाहेर काढतां येतो. जेपीईजींत तेंच करूं गेल्यास गालावर डाग उमटतात.

आतां निवडीकडे वळूं. माझ्या मतें आरंभ कॅमेरा-कंपनीच्याच सॉफ्टवेअरनें करावा. कॅननचें डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचें एनएक्स स्टुडिओ हीं त्या त्या कॅमेऱ्याच्या मालकांना विनामूल्य मिळतात. कॅमेऱ्यांत निवडलेली रंगछटा तीं ओळखतात. त्यामुळें मागील पडद्यावर दिसलें होतें, त्याच्या अगदीं जवळचें चित्र निघतें. मात्र दुसऱ्या कंपनीची रॉ फाइल त्यांच्या हातून सुधारून घेतां येत नाहीं. घरांत दोन जातींचे कॅमेरे असल्यास अडचण झालीच.

त्यापुढची पायरी डार्कटेबल आणि रॉथेरपी यांची. दोन्ही विनामूल्य, दोन्हींची घडण सर्वांस खुली, आणि अनेक कंपन्यांच्या फाइली तीं वाचतात. मात्र खुंट्या इतक्या, कीं प्रथम दर्शनीं माणूस भांबावतो. डार्कटेबलमध्यें चित्र आरंभीं निस्तेज दिसतें व पुष्कळजण तेथेंच त्याला नांवें ठेवून मोकळे होतात. हा दोष नव्हे. शिजविण्याआधींच चव पाहिल्यासारखें तें आहे. ज्याला सवड आणि चिकाटी आहे त्यानें हा मार्ग धरावा.

पैसे देण्याची तयारी असेल तर डीएक्सओ फोटोलॅब, कॅप्चर वन, लाइटरूम हीं आहेतच. लाइटरूम सुटसुटीत आहे, पण २०१५ सालची सहावी आवृत्ति ही एकरकमी विकत मिळालेली शेवटची. पुढें सारें भाड्याचें घर. लाइटरूम क्लासिकचें भाडें थांबलें तरी जुनीं चित्रें पाहतां येतात, नकलाही काढतां येतात. सुधारणेचें दालन तेवढें बंद होतें. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या सूचना स्वतःच्या भाषेंत लिहून ठेवतें. हजार चित्रांवर केलेले श्रम दुसरीकडे जसेच्या तसे नेतां येत नाहींत. म्हणून ही निवड दिसते तितकी क्षुल्लक नाहीं.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती ‘एका टिचकींत रूपांतर’ करून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांविषयीं. घरच्या मंडळींचीं चित्रें अपरिचिताच्या संगणकावर धाडणें मला तरी प्रशस्त वाटत नाहीं. त्यांतूनही एक गंमत अशी, कीं रॉ फाइलीच्या पोटांत झटपट पाहण्यासाठीं एक तयार जेपीईजी कॅमेऱ्यानेंच ठेवलेलें असतें. कांहीं साधनें तेवढेंच बाहेर काढून देतात व त्यालाच रूपांतर म्हणतात. पारख सोपी आहे. दोन कोटि चाळीस लक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्याचें चित्र ६,००० बाय ४,००० बिंदूंचें असावें. हातीं आलेलें दीडदोन हजार बिंदू रुंदीचें असेल, तर तें पोटांतलें चित्र समजावें. कधीं तें पुऱ्या मापाचेंही असतें. पाहण्यापुरतें ठीक, पण मग रॉ टिपल्याचा लाभ कांहींच पदरांत पडला नाहीं.

आप्तांना धाडण्यासाठीं जेपीईजी पुरे; गुणवत्तेचा आंकडा ९० च्या आसपास आणि रंगपद्धति एसआरजीबी ठेवावी. पुढें आणखी काम करावयाचें असल्यास सोळा बिटांचें टिफ. आंत न दाबलेलें तसलें एक चित्र सुमारें १४४ मेगाबाइट जागा खातें, म्हणून तें निवडक चित्रांपुरतेंच राखावें.

ॲडोबीनें २००४ सालीं डीएनजी नांवाचें एक समान रूप पुढें आणलें; त्याचें रूपांतरक विनामूल्य मिळतें. नवा कॅमेरा जुन्या सॉफ्टवेअरला ओळखूं येत नसेल, तेव्हां तें उपयोगी पडतें. परंतु असें डीएनजी कॅनन व निकॉन यांचीं स्वतःचीं सॉफ्टवेअरें उघडीत नाहींत. म्हणून मूळ रॉ पुसूं नये, दोन निरनिराळ्या डिस्कांवर तें ठेवावें.

निवड करतांना नमुन्याला एकच अवघड चित्र घ्यावें. खिडकींतून ऊन येत आहे आणि आजी आंत सावलींत बसली आहे असें चालेल. दोन-तीन सॉफ्टवेअरांतून तें काढून त्याच आकाराच्या छापील प्रती करवाव्यात आणि कोणती कशाची हें न सांगतां घरांतल्या चौघांपुढें ठेवाव्यात. आजीच्या लुगड्याचा रंग खरा कोणता, हें आजीला विचारावें.