गेम प्रोग्रॅमिंग : पदवी हातात आली, आता नमुना दाखवा

जिंतूरच्या एखाद्या सुतारकामाच्या दुकानात किंवा परभणीच्या गांधी पार्कजवळ कापडाच्या गादीवर बसलेल्या वडिलांना मुलगा सांगतो, "अब्बा, मी मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचे खेळ बनवण्याची पदवी पूर्ण केली." तेव्हा वडिलांच्या मनात लगेच दोन प्रश्न येतात. याला नोकरी कोण देणार? आणि ही कमाई हलाल आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्या समाजात या धंद्याची माहिती फार कमी असल्यामुळे घरात त्यांचे उत्तर मिळत नाही. मुलगा गप्प बसतो आणि वडील म्हणतात, दुकान तर आहेच. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही जुनी म्हण आपण थट्टेने म्हणतो, पण पुण्याहून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाला ती फार लागते.

परभणी जिल्ह्यातील विद्यार्थी सहसा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करतात. खास गेम प्रोग्रॅमिंगचे शिक्षण हवे असेल तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते आणि तिथल्या खासगी संस्थांची फी कारागिराच्या घराला जड जाते. फी भरली की नोकरी मिळालीच, असे पालक धरून चालतात. चूक तिथेच होते.

या धंद्यात पहिली नोकरी प्रमाणपत्रावर फारशी मिळत नाही, ती नमुन्यावर मिळते. आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शेरवानी शिवणाऱ्या उस्तादाकडे नवा कारागीर आला तर उस्ताद त्याला शाळेचा दाखला मागत नाही. हातात कापड देतो आणि काज कसे केले, शिलाई कुठे ओढली गेली, ते पाहतो. गेम कंपनीतही तेच होते. "तू काय बनवले आहेस, चालवून दाखव," एवढेच विचारले जाते. त्या वेळी मुलाकडे पदवीचा कागद आणि अर्धवट सोडलेले पाच प्रयोग असतील तर उपयोग नाही. एक छोटा, पण पुरा झालेला खेळ असेल, ज्यात सुरुवातीचा पडदा आहे, हार-जीत आहे, आवाज आहे आणि जो मध्येच बंद पडत नाही, तर त्याची बाजू भक्कम होते.

पुरा झालेला, या शब्दावर मुद्दाम जोर देतो. खेळाचा पहिला भाग पंधरा दिवसांत उभा राहतो. उरलेली कुरबुर, म्हणजे फोन आला की खेळ थांबला पाहिजे, लहान पडद्यावर अक्षरे वाचता आली पाहिजेत, जुन्या फोनवर तो अडखळता कामा नये, यात महिने जातात. खेळ साधारणपणे सेकंदाला साठ चित्रे दाखवतो. म्हणजे एका चित्राचा सगळा हिशेब सोळा मिलिसेकंदांच्या आसपास उरकावा लागतो. खेळाडूने बोट कुठे लावले, चेंडू कुठे आदळला, शत्रू कुठे पळाला, हे सारे तेवढ्या वेळात. प्रोग्रॅमरचे खरे कसब इथे दिसते. त्यासाठी सी प्लस प्लस आणि सी शार्प या भाषा, शाळेत कंटाळून सोडलेली भूमिती आणि सदिशांचे गणित पक्के लागते. मुलाखतीत बहुतेक मुले याच गणितावर अडतात.

साधनांसाठी मात्र पैसे लागत नाहीत. युनिटी आणि अनरियल ही दोन मोठी इंजिने शिकणाऱ्याला फुकट वापरता येतात. गोडो तर पूर्णपणे मोफत आहे. तयार खेळ गूगलच्या प्ले दुकानात ठेवायचा असेल तर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. स्टीम या मोठ्या बाजारात प्रत्येक खेळामागे १०० डॉलर. दुकानाच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा हा खर्च कमीच आहे.

आता नोकऱ्या कुठे आहेत ते पाहू. परभणीकराला रात्रीच्या बसने सकाळी गाठता येणारे पुणे हे या धंद्याचे देशातील एक मोठे ठाणे आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि तेव्हापासून तिथे काम चालू आहे. २०१८ मध्ये तिने मुंबईतही शाखा उघडली. सुपरगेमिंग ही पुण्याचीच कंपनी. तिचा 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आला. बंगळूरमध्ये राजेश राव यांनी १९९७ साली सुरू केलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह पुढे २०१९ मध्ये रॉकस्टार या जगप्रसिद्ध कंपनीने विकत घेतली.

पुण्याचे आणखी एक उदाहरण सांगतो. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या चमूने 'राजी' हा खेळ तयार करायला घेतला. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. चमूने काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या खेळाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. वर्गणी फसली तेव्हाही त्यांच्याकडे लोकांना चालवून दाखवता येईल असा खेळाचा एक भाग तयार होता. नमुना म्हणतो तो हाच.

मोठा, झगमगीत खेळ बनवण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' पाहा. विकाश जयस्वाल यांनी आधी इंडियागेम्स या मुंबईच्या कंपनीत नोकरी केली, मग स्वतःची छोटी कंपनी काढली आणि २०१६ मध्ये हा खेळ आणला. खेळ कोणता, तर आपल्या ओट्यावर खेळला जाणारा लुडो. एकाच फोनवर चौघांना खेळता येतो आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घरोघरी पोहोचला. सेलू-पाथरीच्या मुलाला स्वस्त फोन आणि तुटक इंटरनेट म्हणजे काय हे पुण्याच्या मुलापेक्षा चांगले ठाऊक असते. त्या अडचणीतून चालणारा खेळ त्याने बनवला तर ती त्याची जमेची बाजू ठरेल.

हलालच्या प्रश्नाकडे वळतो. खेळ बनवणे आणि जुगार चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण काही वर्षे आपल्या देशात त्या एकाच छपराखाली नांदल्या. पैसे लावून रमी आणि काल्पनिक क्रिकेट संघ चालवणाऱ्या कंपन्या प्रोग्रॅमरना चांगला पगार देत. कुरआनच्या सूरह माइदामध्ये जुगाराला स्पष्ट मनाई आहे, त्यामुळे आपल्या मुलांसमोर खरा पेच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांच्या खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले आणि पुष्कळांची नोकरी गेली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या खेळांना मान्यताही दिली. तरीही नोकरी घेण्याआधी कंपनी कशातून कमावते हे विचारून घ्यावे. जाहिरातीतून? खेळातील वस्तू विकून? परदेशी कंपनीचे काम करून? लहान मुलांना भुलवून नशिबाच्या पेट्या विकणारे खेळही बाजारात आहेत. त्यांच्याबाबत ज्याने त्याने आलिमांना विचारून ठरवावे.

धंद्याचे हवामान सध्या फार चांगले आहे असे सांगून वाचकांची दिशाभूल करणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १९०० आणि युनिटीने सुमारे १८०० माणसे कमी केली. परदेशातून काढलेला अनुभवी माणूसही आज नोकरी शोधतो आहे. युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंकडे असलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या जुन्या भागाचा नवा अवतार २०२२ मध्ये मॉन्ट्रियलकडे गेला. मोठे काम असे हातून निसटू शकते.

म्हणून पहिली पायरी लहान असली तरी नाक मुरडू नये. खेळातील चुका शोधणारा टेस्टर हे काम बरेचदा ठरावीक मुदतीचे असते आणि पगार प्रोग्रॅमरपेक्षा कमी. पण कारखाना आतून कसा चालतो हे तिथे कळते. एक मात्र लक्षात ठेवावे. टेस्टर म्हणून लागलेल्याने संध्याकाळी स्वतःचे प्रोग्रॅमिंग सोडले तर दोन वर्षांनी तो तिथेच असतो. जोडीला मोबाइल ॲप किंवा शिक्षणाच्या सॉफ्टवेअरचे काम मिळाले तर तेही घ्यावे. युनिटी जाणणाऱ्याला ते जमते.

पालकांसाठी थोडेसे. संस्थेत फी भरण्याआधी तिच्या मागच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले खेळ पाहायला मागा. दाखवले नाहीत तर उठून या. "शंभर टक्के नोकरी" लिहिणाऱ्या पत्रकावर विश्वास ठेवू नका. महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आधी तपासा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देते, पण त्यावर व्याज आहे, हे जाणूनच निर्णय घ्यावा.

आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांनो, दरवर्षी जानेवारीत ग्लोबल गेम जॅम भरतो. अनोळखी मुलांबरोबर गट करून अगदी थोड्या वेळात एक खेळ उभा करायचा असतो. २००९ पासून तो चालू आहे आणि भारतातील अनेक शहरांत त्याची केंद्रे असतात. तिथे शेजारी बसलेला मुलगाच पुढच्या वर्षी कुठल्या कंपनीत जागा आहे ते सांगतो. जाताना आपला पुरा झालेला खेळ फोनमध्ये असू द्या. निघण्यापूर्वी तो अब्बांच्या हातात देऊन पाहा. दुकानातला जुना फोन असेल तर आणखी बरे. ते कुठे अडकले, कोणते बटण त्यांना सापडले नाही, ते लिहून घ्या आणि आधी ते दुरुस्त करा.