उरलेल्या उष्णतेचा हिशेब

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत बंजारा भाविक भोग लावतात. अग्नीत तूप पडतं आणि ज्वाळ उठते. एक ग्रॅम तूप पुरतं जळालं की साधारण 38 किलोज्यूल उष्णता निघते. ती मोकळ्या आभाळात जाते. कोंडून मोजायची तर बॉम्ब कॅलरीमीटर लागतो. फ्रान्सच्या बेर्तलोनं 1880च्या दशकात त्याला रूप दिलं, आणि आज कोळशाचा कस लावायलाही तोच वापरतात.

जाड पोलादी भांडं. आत ग्रॅमभर पदार्थाची वडी, तिला टेकलेली बारीक तार, आणि 25-30 पट वातावरणदाबाचा ऑक्सिजन. भांडं पाण्यात बुडवून तारेत वीज सोडली की क्षणात सगळं जळतं. पाणी दोन-तीन अंशच तापतं, म्हणून तापमापक अंशाचा हजारावा भाग दाखवणारा हवा. आधी बेंझोइक आम्ल जाळून यंत्राची पारख होते; त्याची उष्णता ग्रॅमला 26.4 किलोज्यूल, ठरलेली.

या यंत्राचं खरं मोल मला वाटतं ते जी अभिक्रिया त्यात घडतच नाही, तिची उष्णता कळण्यात आहे. वाट कुठलीही असो, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच, हे रसायनशास्त्रज्ञ हेसनं 1840 साली सांगितलं. साखर कारखान्याच्या आसवनीतलं किण्वन घ्या. ते तासन्‌तास चालतं. पण ग्लुकोजची ज्वलन एन्थॅल्पी, म्हणजे स्थिर दाबाला जळतानाचा उष्णतेचा बदल, उणे 2803 किलोज्यूल प्रति मोल आहे, इथेनॉलची उणे 1367. एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल होतात आणि सोबत निघणारा कार्बन डायऑक्साइड तर आधीच जळलेला. म्हणून 2803मधून 2734 वजा केले की 69 उरतात. तेवढी उष्णता किण्वनात बाहेर पडते.

बंजाऱ्यांच्या लदेणीचा, म्हणजे मालवाहू तांड्याचा, बैल गोणीसह आणि गोणीविना तोलून गोणीचं वजन काढावं, तसा हा हिशेब. ग्लुकोजच्या आकड्यात हजारात एकाची चूक झाली, तर उत्तर 4 टक्क्यांनी हलतं. शिवाय बंद भांड्यात आकारमान बदलत नाही, त्यामुळे मिळतो तो आंतरिक ऊर्जेतला बदल, एन्थॅल्पीतला नव्हे. इथेनॉल जळताना तीन मोल ऑक्सिजन जाऊन दोनच मोल कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणून दर मोलला सुमारे 2.5 किलोज्यूलची दुरुस्ती करावी लागते. ती विसरली तर 69च्या जागी 74 येतात!

किलोभर ग्लुकोज आंबताना सुमारे 380 किलोज्यूल, म्हणजे 10 लिटर पाणी 9 अंशांनी तापवेल एवढी उष्णता निघते. यीस्टला ती सोसत नाही. किती थंड पाणी खेळवायचं, ते या आकड्यावरून ठरतं.