नातीचं शहर हाच मुक्काम

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन राहण्याचा प्रघात आपल्या मध्यमवर्गीय घरांत आता जुना झाला. अलीकडे मात्र इथेच लहानाची मोठी झालेली नातवंडं शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीसारख्या देशात स्थिरावली आहेत आणि ‘आजी-आजोबा, या, आपण मिळून फिरू’ असं बोलावू लागली आहेत. या प्रवासात तान्हं बाळ सांभाळायचं नसतं. मोठ्या झालेल्या माणसाला त्याच्या घरी जाऊन भेटायचं असतं. म्हणूनच त्याची आखणी ‘दहा दिवसांत सहा देश’ या धर्तीवर करू नये, असं माझं ठाम मत आहे. नातीचं शहर हाच मुक्काम ठेवावा आणि सकाळी निघून रात्री घरी परतता येईल, एवढंच मुख्यतः पाहावं.

नात कोलोनमध्ये राहते असं धरू. मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच १५७ मीटर उंचीचं, काळवंडलेल्या दगडाचं कॅथेड्रल उभं असतं. १२४८ साली सुरू झालेलं त्याचं बांधकाम १८८० साली पुरं झालं. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या सत्तरीतल्या गुडघ्यांनी चढायलाच हव्यात असं नाही. आत बाकावर बसून गेरहार्ड रिश्टर यांनी रचलेली, २००७ साली बसवलेली रंगीत काचांची खिडकी पाहावी. तिच्यात संत नाहीत, कथा नाही. ७२ रंगांचे चौकोनच आहेत. ऊन आलं की ते रंग दगडावर उतरतात. बसची वेळ झाली म्हणून उठावं लागत असेल, तर हे दिसत नाही. ढग असतील तर चार दिवसांनी पुन्हा यावं. मुक्काम त्याच गावात असल्याचा हाच तर फायदा. बॉन रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. कोब्लेन्झपासून पुढे ऱ्हाइनच्या दोन्ही काठांनी रेल्वे जाते, द्राक्षमळे आणि किल्ले खिडकीतूनच दिसतात. २०२३ साली सुरू झालेलं ‘डॉइचलांड तिकीट’ महिनाभर देशभरातल्या लोकल, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान आयसीई गाड्यांना नाही. ते चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. असे बारकावे तिथे राहणाऱ्या नातीला ठाऊक असतात.

शिवाय, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच करून ठेवलेली खरेदी, रिकामी प्लास्टिकची बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून परत मिळणारे २५ सेंट, ऑफिसची ट्राम, शेजाऱ्यांशी होणारं दोन शब्दांचं बोलणं, हेही बघण्यासारखंच आहे. आपली नात एकटी कशी निभावते याची आजीला लागलेली काळजी या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यावरच कमी होते. नातीनेही एक पथ्य पाळावं: कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला आजोबांना एकटं जाऊ द्यावं.

‘एवढं तिकीट काढून पॅरिससुद्धा बघायचं नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. कोलोनहून पॅरिसला थेट गाडी साडेतीन तासांच्या आत पोहोचते. दोन रात्री जाऊन यावं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेव्हा मागतानाच पुरेसे दिवस मागितले की घाईचं कारण उरत नाही. सहल कंपनीबरोबर जेवणाची, सामानाची, भाषेची चिंता मिटते, हे मोठं सुख आहे. पण त्या वेळापत्रकात नातीसाठी एखादी संध्याकाळ निघाली तरी पुष्कळ. नातीला रजा नसेल तर? कामाच्या दिवशी दोघांनी जवळपास फिरावं, शनिवार-रविवारी तिघांनी लांब जावं. तिची खोली फारच लहान असेल, तर जवळ वेगळी जागा घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप प्रकृतीचा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह त्यात कितपत धरला आहे, हे पॉलिसीत शब्दन्‌शब्द वाचावं. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत असावीत. विमानतळावरची चाकाची खुर्ची किमान ४८ तास आधी सांगून ठेवावी. युरोपात तिचे पैसे पडत नाहीत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून तूप-पेढे इथेच ठेवून भाजणी आणि गोडा मसाला न्यावा. रोज हॉटेल बदलणाऱ्या माणसाला दुपारची झोप आणि वेळेवर वरणभात मिळणं कठीण. नातीच्या घरी दोन्ही मिळतं. प्रकृतीची धास्ती असलेल्यांना तर हाच प्रवास जास्त मानवेल.